गिट-अ‍ॅनेक्स: ‘सिंक’ने फाइल पोचते का?

गिट म्हणजे फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली. जड फाइल तिच्या इतिहासात घातली की ती पुढच्या प्रत्येक क्लोनच्या (पूर्ण प्रतीच्या) गळ्यात पडते. २०१० मध्ये गिटला जोडून वापरायला आलेल्या गिट-अ‍ॅनेक्सने ती बाहेरच ठेवली. गिटमध्ये राहते फक्त एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा. तिच्या टोकाला असलेल्या कीमध्ये, म्हणजे ओळख-नावामध्ये, फाइलचा आकार आणि हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) असतो. कोणती प्रत कुठे आहे, ही नोंद ‘गिट-अ‍ॅनेक्स’ याच नावाच्या वेगळ्या ब्रँचवर (नोंदींच्या स्वतंत्र शाखेवर) होते.

वाद पेटला तो त्याच्या ‘सिंक’ या कमांडवरून. ही कमांड ब्रँचा आणते, मर्ज (एकत्र) करते, समोरच्या रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) ‘सिंक्ड/मास्टर’ या ब्रँचवर पुश करते म्हणजे पाठवते, कंटेंट, म्हणजे प्रत्यक्ष फाइल, मात्र हलवत नसे. त्याला कारणही होते. नेट संथ, लॅपटॉपची डिस्क लहान, आणि शेकडो जीबी न विचारता ओतणे कोणाला परवडणार? ज्याला जे हवे ते त्याने ‘गेट’ कमांडने मागवून घ्यावे. पण भुर्दंड बसला नवख्यांना. फोल्डरमध्ये नावे सगळी दिसत. फाइल उघडायला जावे तर ‘अशी फाइलच नाही’, कारण सिमलिंकच्या पलीकडे काहीच नसे. मग ‘गेट’ करावे, तर प्रत असलेली हार्डडिस्क जोडलेलीच नसे.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या असिस्टंटमध्ये, म्हणजे मागे राहून आपोआप सिंक करणाऱ्या भागात, कंटेंट आपोआप जाऊ लागला. सिंकला पुढे --कंटेंट हा पर्याय मिळाला, तरी डीफॉल्ट (काही न सांगता होणारे काम) जुनाच राहिला. २०२३ मध्ये कंटेंटसकट चालणाऱ्या पुल, पुश आणि असिस्ट या कमांड आल्या. नुसत्या सिंकवर ‘डीफॉल्ट बदलणार आहे’ असा इशारा दिसू लागला. इतक्या उशिरा येण्याइतका हा प्रश्न अवघड खचितच नव्हता.

अर्थात --कंटेंट डोळे झाकून लावू नये. ‘वाँटेड’ (त्या यंत्रावर कोणत्या फाइली हव्यात याचा नियम) ठरवले नसेल तर प्रत्येक यंत्रावर सगळेच उतरते. छोट्या डिस्कवर ‘वाँटेड’ला ‘प्रेझेंट’ द्यावे. मग आहे तेवढेच राहते, नवे येत नाही. उलट, वाँटेडमध्ये न बसणारी स्थानिक प्रत सिंक --कंटेंट काढूनही टाकते. त्याआधी इतरत्र पुरेशा प्रती आहेत का, हे तपासले जाते. पण नमकॉपीज (किमान किती प्रती हव्यात तो आकडा) मुळात १ असते. ती २ करून घ्यावी.

‘कॉपी --टू’ने फाइलची प्रत दुसरीकडे पाठवल्यानंतर साधा गिट पुश करून थांबणे हा नेहमीचा घोळ. मास्टर (मुख्य ब्रँच) पुढे जाते, गिट-अ‍ॅनेक्स ब्रँच मागे राहते आणि तिसऱ्या यंत्रावरची, प्रत कुठे आहे हे दाखवणारी ‘व्हेअरइज’ कमांड जुनेच ठिकाण सांगत बसते. कॉपीनंतर सिंक करावे, मग त्या यंत्रावरही सिंक करून ‘गेट’ चालवावे.