आलर्स, कोनराड

आलर्स, कोनराड : (८ नोव्हेंबर १९२२ – १९ डिसेंबर १९८०). जर्मन पत्रकार, शासकीय प्रवक्ते व संसद-सदस्य. जन्म हॅम्बर्ग येथे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई छत्रीदलात होते. युद्धानंतर ते पत्रकारितेत आले. संरक्षण मंत्रालयाचे पूर्वरूप असलेल्या ब्लांक कार्यालयात त्यांनी वृत्तविषयक काम केले आणि लष्करी प्रश्नांची त्यांची जाण तेथेच पक्की झाली. पुढे ‘डी वेल्ट’, ‘फ्रांकफुर्टर रुंडशाऊ’ अशा वृत्तपत्रांत काम करून १९६२ मध्ये ते ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकाचे उपमुख्य संपादक झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा ‘बेडिंग्ट आबव्हेअरबेराइट’ हा लेख आला. अंकावर १० ऑक्टोबर ही तारीख असली, तरी तो ८ ऑक्टोबरला विक्रीस आला असावा. म्हणून दोन्ही तारखा आढळतात. शीर्षकाचे भाषांतर ‘सशर्त संरक्षणसज्ज’ असे केल्यास अर्थ निसटतो. सैन्याच्या युद्धसज्जतेसाठी नाटोने ठरविलेल्या चार श्रेणींपैकी ही सर्वांत खालची श्रेणी होती आणि ‘फालेक्स ६२’ या युद्धसरावानंतर ती पश्चिम जर्मनीच्या सैन्याच्या वाट्याला आली होती. ‘जेमतेम बचावापुरते’ हा पर्याय अधिक जवळचा. लेखावर नाव नव्हते. हान्स श्मेल्त्स यांचाही त्यात हात होता. परंतु मुख्य लेखक आलर्सच, असे मानणे योग्य ठरते.

या लेखावरून देशद्रोहाचा संशय घेऊन २६ ऑक्टोबरच्या रात्री पोलिसांनी ‘श्पीगेल’च्या हॅम्बर्ग कार्यालयाचा ताबा घेतला. आलर्स त्या वेळी स्पेनमध्ये तोरेमोलिनोस येथे सुटीवर होते. संरक्षणमंत्री फ्रांत्स योझेफ श्ट्राउस यांनी माद्रिदमधील जर्मन लष्करी प्रतिनिधी आखिम ओस्टर यांना रात्रीच दूरध्वनी केला आणि आलर्स व त्यांची पत्नी यांना हॉटेलात अटक झाली. फ्रांकोच्या हुकूमशाहीतील पोलिसांकरवी एका लोकशाही देशाने आपल्याच पत्रकाराला पकडावे, हा या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणा भाग होय. गृहमंत्री हेर्मान होखेर्ल यांना ही कृती ‘काहीशी कायद्याबाहेरची’ असल्याचे मान्य करावे लागले. श्ट्राउस यांनी आरंभी आपला संबंध नाकारला. नंतर चॅन्सेलर (शासनप्रमुख) आडेनाउअर यांच्या संमतीचा आधार घेतला. दोघांत जबाबदारी कशी वाटावी यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दूरध्वनी श्ट्राउस यांनी केला, हे मात्र संसदेतील प्रश्नोत्तरांतून उघड झाले आणि त्यांचे मंत्रिपद गेले. संघराज्यीय सर्वोच्च न्यायालयाने मे १९६५ मध्ये देशद्रोहाचा खटला चालविण्यास नकार दिला. झडतीविरुद्ध ‘श्पीगेल’ने केलेल्या तक्रारीवर मात्र १९६६ मध्ये घटना न्यायालयाचे आठ न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेले व ती फेटाळली गेली.

डिसेंबर १९६६ मध्ये चॅन्सेलर कीझिंगर यांच्या, दोन मोठ्या पक्षांच्या महायुती शासनात आलर्स उपप्रवक्ते झाले. त्याच मंत्रिमंडळात श्ट्राउस अर्थमंत्री होते! अटकेस कारणीभूत झालेल्या मंत्र्याच्या शासनाची बाजू पत्रकारांपुढे मांडण्यात आलर्स यांचा मनाचा मोठेपणा दिसतो. पुढचे चॅन्सेलर ब्रांट यांच्या काळात (१९६९–७२) ते मुख्य प्रवक्ते होते.

१९७२ मध्ये सामाजिक लोकशाही पक्षातर्फे ते बुंडेस्टागवर (संसदेवर) निवडून आले. १९७६ मध्ये पुन्हा. १९८० मध्ये ‘डॉइच वेले’ या परदेश प्रसारण संस्थेचे महासंचालकपद स्वीकारून त्यांनी संसद सोडली. त्याच वर्षी बॉन येथे त्यांचे निधन झाले.