ब्रॉडहेडची निवड (पारंपरिक धनुष्याने हरणाची शिकार)

ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकाला बसवायचे, धारदार पात्यांचे रुंद फळ. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का बाणाला नसतो. बाणाने जनावर मरते ते कापले गेल्याने: पाती फुप्फुसे, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या चिरतात, छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुसे मिटतात, रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि हरीण बहुधा काही सेकंदांतच कोसळते. फळ बोथट असेल, वाकडे बसले असेल किंवा धनुष्याला न पेलणारे असेल, तर तेच हरीण जखमी होऊन रानात तासन्‌तास तडफडते. म्हणून फळाची निवड हा या शिकारीतला सर्वांत गंभीर निर्णय आहे.

ही नोंद मुख्यतः उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, म्हणजे व्हाइटटेलच्या शिकारीविषयी आहे. तिथे लाँगबो (लांब, साधा बाक असलेले धनुष्य), रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) आणि एकाच लाकडातून घडवलेले सेल्फबो यांना ‘पारंपरिक’ म्हणतात. हा भेद तसा अलीकडचा. हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले, पुढच्या काही वर्षांत बहुतेक शिकारी तिकडे वळले आणि जुन्या धनुष्यांना चिकटून राहिलेल्यांचा वेगळा पंथ झाला.

फळाची निवड वेगळी का होते ते आकड्यांत दिसते. ४५ ते ५० पौंड ओढीच्या (दोरी पूर्ण ताणायला लागणाऱ्या जोराच्या) रिकर्व्हमधून ५०० ग्रेनचा (सुमारे ३२ ग्रॅम) बाण सेकंदाला साधारण १७० फूट वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा ४४ ज्यूलच्या आसपास भरते. कंपाउंडमधून ४०० ग्रेनचा बाण २९० फुटांच्या वेगाने गेला तर ऊर्जा १०० ज्यूल होते, म्हणजे दुपटीहून जास्त. संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) हिशेब मात्र इतका एकतर्फी नाही. जड बाणामुळे रिकर्व्हचा संवेग कंपाउंडच्या जवळपास तीन चतुर्थांश राहतो, आणि मांसातून, बरगड्यांतून पुढे सरकत राहण्यासाठी तोच कामाला येतो. ओढीच्या दर पौंडामागे बाणाचे वजन सुमारे दहा ग्रेन असावे, हा पारंपरिक शिकाऱ्यांचा ठोकताळा इथूनच आला. याच कारणाने आदळल्यावर उघडणारी यांत्रिक फळे या धनुष्यांना शोभत नाहीत. पाती उघडण्यातच थोडी ऊर्जा खर्ची पडते, आणि इथे उधळायला ऊर्जा मुळातच नाही. पारंपरिक धनुष्याला स्थिर पात्यांचे फळच घ्यावे.

या शिकारीचा आधुनिक इतिहास इशी या ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीच्या माणसापासून सांगावा लागतो. आपल्या लोकांत एकटाच उरलेला इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल इथे बाहेरच्या जगासमोर आला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील संग्रहालयात राहिला. डॉ. सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर. इशी ऑब्सिडियनची आणि बाटलीच्या काचेचीही टोके हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून, टवके काढत घडवी. पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. त्यानंतर पोप आणि त्यांचे शिकारीतले जोडीदार आर्थर यंग पोलादी फळांनी शिकार करत राहिले, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबला (धनुष्याने शिकार करणाऱ्यांची संघटना) या दोघांचे नाव मिळाले. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत धनुष्यबाणासाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला, आणि इतर राज्यांनी पुढे तो कित्ता गिरवला.

पात्यांची संख्या हा निवडीतला सर्वांत जुना वाद. दोन पात्यांचे फळ कमी विरोधाने आत जाते. नामवंत अमेरिकी धनुर्धर हॉवर्ड हिल यांनी लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवण्याचा पुरस्कार केला. तीन इंच लांब, एक इंच रुंद असे फळ हळूहळू चिरत जाते, तर आखूड आणि रुंद फळ तेवढीच जखम करायला जास्त जोर मागते. तीन पात्यांचे फळ जास्त कापते. सव्वा इंचाहून थोडे कमी, म्हणजे १ १/८ इंच व्यास धरला तर दोन पात्यांची एकूण चीर सुमारे २९ मिलिमीटर होते, तीन पात्यांची ४३. शिवाय दोन पात्यांची चीर सपाट असते आणि कातडी सरकली की मिटू शकते. तीन पात्यांचे भोक उघडे राहते, म्हणून जमिनीवर रक्ताचा माग बरा मिळतो. धनुष्ये बनवणारे अमेरिकी शिकारी फ्रेड बेअर यांच्या १९५०च्या दशकातल्या ‘रेझरहेड’ने मधला मार्ग काढला. त्यात दोन मुख्य पाती होती आणि त्यांना आडवे एक पातळ, काढघाल करता येणारे पाते. अशा जोड पात्याला शिकारी ‘ब्लीडर’ म्हणतात.

पन्नास पौंडांच्या आतले धनुष्य असेल तर दोन पाती, किंवा छोट्या ब्लीडरसह दोन पाती, हीच निवड योग्य वाटते. बाण आरपार गेला की दोन भोके पडतात, आणि झाडावरच्या मचाणातून मारलेला बाण तर खालच्या अंगाने बाहेर पडतो. रक्त खालच्या भोकातून वाहते. वर शिरून आतच अडकलेल्या तीन पात्यांच्या बाणापेक्षा आरपार गेलेला दोन पात्यांचा बाण माग काढायला सोपा. पंचावन्न पौंडांच्या पुढे आणि पुरेसा जड बाण असेल तर तीन पाती बिनधास्त वापरावीत.

डॉ. एड ॲशबी यांनी १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात बाण किती खोल जातो याच्या चाचण्या सुरू केल्या आणि पुढे वर्षानुवर्षे चालवल्या. त्यांच्या निष्कर्षांवरून एकाच बाजूने धार काढलेली, लांबट, दोन पात्यांची भक्कम फळे आणि सुमारे ६५० ग्रेनच्या पुढचे बाण यांची चलती झाली. एकधारी फळ आत जाताना फिरते आणि हाड नुसते भेदण्याऐवजी फोडते. हे काम मोलाचे आहे, पण त्यातला बराचसा भाग जाड हाडांच्या मोठ्या जनावरांविषयी आहे. व्हाइटटेलच्या बरगड्या पातळ असतात. तेवढ्यासाठी ६५० ग्रेनचा बाण घेतला तर वेग घटतो, वीस यार्डांवरही बाण बराच खाली येतो आणि अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकतो. त्यांच्या शिकवणीतले पहिले सूत्र मात्र हरणालाही तंतोतंत लागू आहे: फळ वाकता किंवा तुटता कामा नये. टोक वळलेले फळ, ते कितीही महाग असो, तिथल्या तिथे थांबते. चांगल्या फळांचे पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५२ ते ५८ असते. त्याहून मऊ असेल तर धार वळते, फार कडक असेल तर तिचे टवके उडतात.

फळाचे वजन बाणाच्या दांडीशी जमवून घ्यावे लागते. १०० आणि १२५ ग्रेनची फळे सर्रास मिळतात. पारंपरिक शिकारी १४५, १६०, २०० ग्रेन आणि त्याहून जडही वापरतात. दोरी सुटताच दांडी धनुष्याला वळसा घालत वाकते आणि मग सरळ होते. पुढचे वजन वाढवले की ती जास्त वाकते, म्हणजे तिची स्पाइन (दांडीचा ताठपणा) नरम पडल्यासारखी वागते. १२५च्या जागी २०० ग्रेनचे फळ चढवले आणि दांडी तीच ठेवली तर बाण तिरका उडू लागतो. तेव्हा अधिक ताठ दांडी घ्यावी किंवा आहे तीच थोडी आखूड करावी. लाकडी दांडीला (पोर्ट ऑर्फर्ड सीडर ही लोकप्रिय) पाच अंशांचा उतार तासून फळ गरम गोंदाने चिकटवतात. ॲल्युमिनियम आणि कार्बनला आट्यांचे फळ बसते.

सरावाच्या निमुळत्या टोकाने चाळीसदा मध्यावर बसणारा बाण ब्रॉडहेड लावताच भरकटतो, असे नेहमी घडते. रुंद पाती हवेत पंखासारखी वागतात आणि बाणातला बारीकसा दोषही मोठा करतात. म्हणून प्रत्येक फळ फिरवून पाहावे. बाणाचे टोक लाकडी फळीवर टेकवायचे, दांडी दोन बोटांनी भोवऱ्यासारखी फिरवायची आणि फळ दांडीला जिथे मिळते तिथे नजर ठेवायची. तिथे थरथर दिसली तर गोंद पुन्हा गरम करून फळ किंचित वळवायचे, आणि थरथर थांबेपर्यंत हे करत राहायचे. पिसेही मोठी लागतात: पाच इंचांची तीन, जराशी वळणदार चिकटवलेली. एकधारी फळाची धार आणि पिसांचे वळण एकाच दिशेचे असावे, उजव्या धारेला उजव्या पंखाची पिसे. उलटे झाले तर हवेत एका दिशेला फिरणारा बाण जनावरात शिरताच उलटा फिरू पाहतो आणि त्याचा जोर वाया जातो. पात्यांत मोठ्या खिडक्या (आरपार कापलेली भोके) असतील तर काही फळे उडताना शीळ घालतात. व्हाइटटेल आवाजाने दचकून खाली बसकण मारते, त्यामुळे पंधरा-वीस यार्डांवरही तो आवाज नको.

आणि धार. दुकानातून आणलेले फळ धारदार आहे असे गृहीत धरू नये, बरीच फळे तशी नसतात. रक्तवाहिन्या रबरासारख्या लवचीक आणि निसरड्या असतात. बोथट पाते त्यांना बाजूला ढकलते, धारदार पाते चिरते. चिरडून फाटलेल्या कडांवर रक्त लवकर गोठते, स्वच्छ चिरेवर उशिरा. तीन पात्यांच्या एकसंध फळाला धार लावणे सर्वांत सोपे: ते लांब कानशीवर आडवे ठेवले की दोन पाती एकदमच टेकतात आणि आपोआप ६० अंशांची धार बनते. दोन-चार वेळा घासायचे, मग फळ वळवून पुढची जोडी, असे करत गेल्यावर कडेला धातूची बारीक खरखरीत कोर उठते, ती बोटाच्या नखाला लागते. मग दाब कमी करत बारीक दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा. दोन पात्यांच्या फळाला कोन हाताने सांभाळावा लागतो. काळ्या मार्करने कड रंगवून घेतली की कानस नेमकी कुठे लागते आहे ते दिसते. परीक्षा हातावरच्या केसांनी करतात, पण रबरबँडची परीक्षा जास्त खरी. सैलसर ताणलेल्या रबरबँडवर पाते नुसते टेकवून सरकवावे. तो लगेच तुटला पाहिजे. कानशीने सोडलेली करवती धार बरी की चकचकीत वस्तऱ्याची, हा वाद जुन्या शिकाऱ्यांत आजही चालतो. दोन्हींनी हरणे पडली आहेत, बोथट धारेचा मात्र कोणीच पुरस्कर्ता नाही.

धार एका ओल्या सकाळीही जाते. पात्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा, आणि भात्यात फळे एकमेकांना किंवा भात्याच्या तळाला घासू नयेत असे झाकण असावे. त्याच झाकणाने शिकाऱ्याच्या मांड्या आणि बोटेही वाचतात. हरीण सोलताना, साफ करताना छातीच्या पोकळीत तुटलेले पाते राहिलेले असू शकते, तिथे हात आंधळेपणाने घालू नये.

कोणतेही फळ चुकीच्या कोनातला बाण सावरत नाही. पारंपरिक धनुष्याने मारायचे ते हरीण आडवे उभे असताना किंवा तिरके, पाठमोरे जात असताना. खांद्याचे आणि पुढच्या पायाचे हाड टाळून, त्याच्या लगेच मागे. समोरून किंवा चालत्या हरणावर बाण सोडू नये. बाण लागल्यावर रक्त तपासतात: फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसांचे; तरी अर्धा तास थांबून मग माग घेतात. गर्द, काळसर रक्त यकृताचे, त्यासाठी काही तास. हिरवट घाण दिसली तर बाण पोटात गेला आहे. तेव्हा सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक वाट पाहावी लागते, नाहीतर हरीण उठून दूर निघून जाते.

कायदे ठिकाणागणिक वेगळे. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत फळाची किमान रुंदी ७/८ इंच (सुमारे २२ मिलिमीटर) लागते, आणि अनेक ठिकाणी मागे आकडा असलेली फळे चालत नाहीत, कारण वरवर लागलेला बाण गळून पडायला हवा. तिथे धनुष्ये आणि ब्रॉडहेड यांवर ११ टक्के अबकारी कर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये तो पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाला जातो. ब्रिटनमध्ये बाणाने हरीण मारणे बेकायदा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांच्यासह वन्य हरणांची शिकार बंद आहे, मग साधन बंदूक असो वा धनुष्य.