बंद असेल तर बंदच ठेवा

"मामा, बटण दाबू नका!" वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाचा एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून डोकावलं. मी फक्त जुना संगणक सुरू करणार होतो. पुसले गेलेले फोटो शोधून देतो म्हणून तो आला होता. "नुसता सुरू केला तरी विंडोज डिस्कवर लिहायला लागतं. फोटोंच्याच जागी लिहिलं, की संपलं."

तपासात पुराव्यासाठी ताब्यात घेतलेल्या संशयित हॅकरच्या संगणकालाही हाच नियम: बंद असेल तर सुरू करायचा नाही. चालू असेल तर मात्र घाईने बंद करायचा नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असली, तरी वापर चालू असताना तिची किल्ली रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की किल्ली गेली. म्हणून आधी रॅमची नक्कल घ्यायची.

मग डिस्क. ती राइट ब्लॉकरमधून जोडतात. हे उपकरण वाचायच्या आज्ञा पुढे सोडतं, लिहायच्या अडवतं. रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट बिट न् बिट उतरवतात आणि शोध त्या नकलेतच घेतात. नक्कल तंतोतंत आहे हे दाखवतो हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला त्याचा जणू अंगठ्याचा ठसा. भाच्याने फाइलमध्ये 'सेव उसळ' लिहून एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत चालवली. ६४ अक्षरांची ओळ आली. मग शेवटी एक टिंब दिलं. आलेली ओळ पार वेगळी! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर हा हॅश लिहावा लागतो.

पुसलेलं सापडतं कसं? साध्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की तिची जागा 'मोकळी' ठरते, मजकूर तिथेच पडून राहतो. जेपीईजी फोटो एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होतो. ते हुडकत गेलं की नाव हरवलेले फोटोही हाती लागतात. एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये साठवणाऱ्या नव्या डिस्कवर, हे बहुतेक वेळा जमत नाही. तिथे ट्रिम नावाची आज्ञा मोकळी जागा खरोखरच साफ करायला लावते.

'तो प्रोग्राम मी चालवलाच नाही' म्हणणाऱ्याला विंडोजची प्रीफेच फाइल अडचणीत आणते. प्रोग्राम किती वेळा चालला आणि शेवटचा कधी, हे तिच्यात असतं. वेळेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइली ठेवायची पद्धत, वेळ मोजते १ जानेवारी १६०१ पासून, तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. तिथले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपल्या वडोदऱ्यात रात्रीचे अकरा. साडेपाच तासांची ही चूक निरपराध माणसालाही गोत्यात आणेल. शिवाय संगणकाचं घड्याळच पुढेमागे असलं तर तो फरक वेगळा धरायचा.

माझे बरेच फोटो मिळाले. सुरसागरचा एक अर्धाच आला: वर महादेवाची मूर्ती स्पष्ट, खाली तलावाच्या जागी नुसता राखाडी पट्टा. भाच्याने विचारलं, "याआधी सुरू केला होता का?"

मागच्या रविवारी केला होता. दोनदा.