स्वेटरला भोकं पाडतो तो पतंग नव्हे

दिव्याभोवती पतंग दिसला की "मारा त्याला, कपडे खाईल" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यात दोन चुका आहेत.

पहिली म्हणजे कुठलाच उडणारा पतंग कापड खात नाही. लोकर कुरतडणाऱ्या जातीचं नाव टिनिओला बिसेलिएला. तिच्या प्रौढ पतंगाची मुखांगं खुरटलेली असतात, तो काहीच खात नाही. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर जगतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. खादाड असते ती अळी: पांढुरकी, तपकिरी डोक्याची, स्वतः विणलेल्या रेशमी नळीत दडलेली. लोकर, पिसं, केस यांतलं केराटिन हे प्रथिन पचवणं फार थोड्या प्राण्यांना जमतं, तिला जमतं. निव्वळ धुतलेल्या सुती कापडात तिला खाण्यासारखं काही नसतं. घामाचे, अन्नाचे डाग असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक दिव्याची. हा पतंग उजेड टाळतो, कपाटाच्या अंधारात पळतो. दिव्यावर येणारे बहुतेक वेगळ्याच कुळांतले, बाहेरच्या झाडाझुडपांवर वाढलेले असतात. त्यांना उगाच मारू नका!

ओळखायचा कसा? पंख पसरून जेमतेम दीड सेंटिमीटर, सोनेरी झाक, डोक्यावर तांबूस केसांचा झुपका. कीटकशास्त्रज्ञ हुमेल यांनी 1823 साली त्याचं वर्णन केलं, कुळ टिनिइडी. आज माणसाच्या सामानासोबत तो जवळपास जगभर पसरला आहे. त्याच कुळातली टिनिया पेलिओनेलाची अळी मात्र आपली नळी अंगावर घेऊनच फिरते.