आईविना वाढणाऱ्या पिल्लाचं आतडं

हॅचरीत, म्हणजे यंत्रात अंडी उबवतात तिथे, एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर पडलेल्या ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायच्या) पिल्लाचं वजन साधारण 40 ग्रॅम असतं. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या पुढे जातं. हार्मोनची इंजेक्शनं देऊन कोंबड्या फुगवतात, हा मोबाइलवर फिरणारा समज खोटा आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957 आणि 1978 पासून जपलेले वाण आणि 2005 चा बाजारातला वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. 56 व्या दिवशी सरासरी वजनं भरली अनुक्रमे 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम. हा सारा प्रताप निवडक पैदाशीचा.

वाण बदलला की खाल्लेलं पचवायची जबाबदारीही वाढते, आणि ती येते आतड्यावर. त्यातच या पिल्लाची सुरुवात अडचणीची असते. गावठी कोंबडी पिल्लांना घेऊन उकिरडा उकरत फिरते, तेव्हा दाणे टिपता टिपता पिल्लं तिच्या विष्ठेतही चोच मारतात. किळसवाणं वाटेल, पण आईच्या पोटातले जिवाणू लेकरांकडे पोहोचतात ते असे. हॅचरीत अंडी धुरीने निर्जंतुक केलेली, आई कुठल्या तरी दूरच्या ब्रीडर फार्मवर. पिल्लू जवळजवळ रिकामं आतडं घेऊन शेडमध्ये उतरतं आणि जमिनीवर अंथरलेल्या तुसात, पाण्यात, खाद्यात जे जिवाणू आधी भेटतील ते तिथे वस्ती करतात.

फिनलंडमध्ये 1971 साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला या रोगकारक जिवाणूची मोठी साथ आली. एस्को नुर्मी आणि त्यांच्या सहकारी रंताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पातळ करून नवजात पिल्लांना पाजला आणि मग मुद्दाम साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांमध्ये तो टिकलाच नाही. न पाजलेल्या पिल्लांत मात्र त्याने ठाण मांडलं. 1973 साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं चांगल्या जिवाणूंनी आधीच जागा अडवली होती. शिवाय हे जिवाणू जी आम्लं तयार करतात, ती साल्मोनेलाला मानवत नाहीत. आज खाद्यात ‘गट हेल्थ’साठी, म्हणजे आतड्याच्या आरोग्यासाठी, जे काही मिसळलं जातं, त्यातलं बरंचसं या एका प्रयोगाच्या पोटातून निघालं आहे, असं माझं मत.

तोवर उद्योगाने मात्र दुसरीच वाट धरली होती. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) तयार करून उरलेला चोथा खाऊन पिल्लं बी-12 च्या हिशेबापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात प्रतिजैविकाचा अंश राहिला होता. तिथून जगभर खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविकं घालायची पद्धत पडली. अशी सततची थोडी थोडी मात्रा म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू घडवण्याची शाळाच. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा हा वापर थांबवला, युरोपीय संघाने 2006 पासून. 2015 मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं जनुक सापडलं. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या हातातलं जवळपास शेवटचं औषध. भारताने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यात त्याच्या वापरावर बंदी घातली.

प्रतिजैविक काढलं की डोकं वर काढतो तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू. तो थोड्या संख्येने निरोगी पक्ष्यातही असतो. कॉक्सी (कॉक्सिडिओसिस) या आतड्याच्या रोगाच्या परजीवींनी आतड्याचं अस्तर फाडलं, त्यातून प्रथिनं झिरपली किंवा खाद्यातलं प्रथिन न पचता खाली उतरलं, की त्याला मेजवानी मिळते. मग त्याचं विष अस्तर कुजवतं. मरतूक दिसली तर निदान कळतं तरी. जास्त नुकसान होतं ते पक्षी मरत नाहीत पण खातात आणि वाढत नाहीत तेव्हा: खालचं तूस ओलं, विष्ठेत न पचलेलं खाद्य आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागणारं खाद्य) बिघडलेला.

यावर आज जे पर्याय विकले जातात, त्यांची कामं वेगवेगळी आहेत. बॅसिलस जातीचे प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणू) चालतात, कारण त्यांचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करतानाच्या 80 अंशांच्या वाफेतही तगतात; दह्यातले लॅक्टोबॅसिलस तिथे टिकणं कठीण. यीस्टच्या पेशीभित्तीतलं मॅनन वेगळीच युक्ती करतं. ई. कोलायचे काही प्रकार आतड्यावरच्या मॅनोज साखरेला चिकटतात. समोर मॅनन तरंगत असेल तर ते त्यालाच धरून विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ब्युटिरिक आम्ल हे तर अस्तराच्या पेशींचं इंधन, पण नुसतं दिलं तर ते वरच्या वरच शोषलं जातं, म्हणून त्यावर चरबीचं आवरण चढवावं लागतं. ओव्यातल्या थायमॉलचंही तसंच. काचेच्या बशीत ते जिवाणूंचं पटल फाडतं, म्हणून आतड्याच्या शेवटच्या टोकालाही फाडेल असं नाही. ‘हर्बल’ लिहिलेल्या डब्यावर मात्र बहुधा बशीतलाच निकाल छापलेला असतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. युरोपात खाद्यात गहू आणि बार्ली भरपूर. त्यातल्या चिकट तंतूंमुळे आतड्यातला ऐवज घट्ट होतो आणि ते तोडणाऱ्या एन्झाइमांचा फायदा ठळक दिसतो. आपल्याकडचं खाद्य मका आणि सोयापेंडीचं. त्यात हा चिकटपणा मुळातच कमी, त्यामुळे तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपला मोठा शत्रू आहे ओलसर मका. त्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत आणि प्रतिकारशक्ती दोन्हींवर घाव घालतं. बेंटोनाइटसारखी माती ते बांधून ठेवते खरी, पण सुरुवातीलाच मका नीट वाळवलेला असणं केव्हाही चांगलं.

डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी 1998 मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं आपणहून सोडली. एफसीआर किंचित बिघडला, मरतूक वाढली नाही. अर्थात कॉक्सीवरची औषधं खाद्यात चालूच होती, आणि त्यातली काही क्लॉस्ट्रिडियमलाही दाबतात. तो अनुभव सांगताना ही तळटीप बहुतेक वेळा गाळली जाते.

कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला खाद्याच्या गोणीत काय घालायचं, हे ठरवता येत नाही. तूस कोरडं ठेवणं, पाणी पिण्याच्या निपलखालची गळती थांबवणं, पहिल्या आठवड्यात ब्रूडिंगचं, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याचं, तापमान सांभाळणं आणि पाणी स्वच्छ ठेवणं त्याच्या हातात असतं. पाण्यातून प्रोबायोटिक द्यायचं असेल, तर आधी टाकीतलं क्लोरीन थांबवायला हवं. नाहीतर विकत घेतलेले जिवाणू पक्ष्यापर्यंत पोहोचायच्या आत टाकीतच मरतात.