पॅनिक अटॅक (भीतीचा झटका)

समोर कोणतेही खरे संकट नसताना अचानक उसळणारी तीव्र भीती आणि तिच्याबरोबर शरीरभर उमटणारी लक्षणे, यांना पॅनिक अटॅक म्हणतात. काही मिनिटांतच भीती शिगेला पोहोचते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. छाती धडधडते, दम कोंडतो, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी आजूबाजूचे सगळे लांबचे, खोटे वाटू लागते. ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ अशी खात्रीच होऊन बसते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत अशी १३ लक्षणे दिली असून त्यांपैकी किमान ४ एकाच वेळी असली, तर तो पॅनिक अटॅक धरतात. झोपेतून दचकून जागे करणारे झटकेही असतात.

आपल्याकडे अशा माणसाला आधी लिंबू-साखरेचे पाणी मिळते. बीपी लो झाला असेल, गॅस वर चढला असेल, असे अंदाज बांधले जातात. काही घरांत दृष्ट काढली जाते. जवळच्या दवाखान्यात सलाईन लागते. बाटली संपेपर्यंत बरे वाटते आणि श्रेय सलाईनला जाते; खरे तर तेवढ्या वेळात झटका आपोआपच ओसरलेला असतो. ईसीजी नॉर्मल आला की ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण होते. रुग्णाला सगळ्यात जास्त लागते ते हेच वाक्य, कारण त्याची धडधड, घाम, मुंग्या यांतले काहीच काल्पनिक नसते.

धोका जाणवला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो. पळायचे काहीच नसताना श्वास असा वाढला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसून गरगरते आणि रक्तातले वापरता येणारे कॅल्शियम तात्पुरते घटून ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात. कधी बोटे ताठ होऊन अंगठा आत वळतो. हे पाहून घरच्यांची गाळण उडते, पण श्वास मंदावला की हात सुटतो. हवा पुरत नाही असे वाटत असताना प्रत्यक्षात श्वास जास्त घेतला जात असतो, ही यातली विलक्षण गोष्ट.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या दुष्टचक्राची मांडणी केली. धडधड जाणवते, तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड वाढते. हे दुखणे मात्र आजचे नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच तक्रार जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये हृदयाचा विकार म्हणून नोंदवली होती. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना १९६० च्या आसपास दिसले, की इमिप्रामिन या औषधाने झटके थांबतात, पण पुढच्या झटक्याची धास्ती तशीच राहते. ‘पॅनिक डिसऑर्डर’ (झटके पुन्हा पुन्हा येणे आणि त्यांची धास्ती लागून राहणे) हे वेगळे निदान १९८० मध्ये मान्य झाले.

मात्र निदान घरी करू नये. झटका पहिलाच असेल, वय चाळिशीपुढचे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असेल, दुखणे जिना चढताना वाढत असेल किंवा हात, जबडा, पाठ यांकडे सरकत असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका ठळक छातीदुखीविनाही येतो. थायरॉइड, रक्तक्षय, साखर उतरणे, दमा, हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता हेही तपासावे लागते. ही तपासणी एकदा नीट झाली, की दर झटक्याला नवा ईसीजी काढणे थांबवावे. प्रत्येक नवा कागद शंकेला खतपाणीच घालतो.

झटक्यापेक्षा जास्त नुकसान त्यानंतरच्या टाळाटाळीने होते. मुंबईत लोकलमध्ये झटका आलेला माणूस फास्ट सोडून स्लो गाडी धरतो, कारण ती दर काही मिनिटांनी थांबते आणि उतरता येते. मग दाराजवळच उभा राहतो, मग गर्दीची वेळ टाळतो, मग कोणीतरी सोबत असल्याशिवाय निघत नाही. खिशात गोळीची पट्टी, हातात पाण्याची बाटली. दर टाळण्याने तात्पुरती सुटका होते आणि ‘टाळलं म्हणून वाचलो’ ही समजूत पक्की होते. नोकरी सुटते ती अशी, पायरीपायरीने.

झटका चालू असताना त्याच्याशी झुंजू नये. ऑस्ट्रेलियन डॉक्टर क्लेअर वीक्स रुग्णांना सांगत, की सामोरे जा, येऊ द्या, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. खांदे सैल सोडून नाकाने हळू श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. ४ अंक मोजत आत, ६ मोजत बाहेर. दिसणाऱ्या वस्तूंची नावे मनात घ्यावीत, पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यावेत. शक्य असेल तर जागा सोडू नये. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत. दुखणे हृदयाचे किंवा दम्याचे निघाले तर तो घातक ठरतो. जवळच्या माणसाने गर्दी हटवावी, हळू आवाजात बोलावे, ‘मी इथेच आहे, हे उतरेल’ एवढेच म्हणावे. ‘शांत हो, शांत हो’ असे ओरडल्याने उलट भीती वाढते.

झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी) चांगला उपयोग होतो. त्यात रुग्णाला जागच्या जागी पळवून किंवा खुर्चीत गरगर फिरवून मुद्दाम धडधड, चक्कर आणवतात, म्हणजे ही संवेदना धोक्याची नाही हे शरीरालाच अनुभवाने कळते. टाळलेल्या जागी परत जाणेही टप्प्याटप्प्याने होते. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रामसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून मात्रा कमीपासून चढवतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. अल्प्राझोलाम ही शामक गोळी चटकन आराम देते, पण सवय लावते आणि एकदम थांबवल्यास त्रास उलटतो. चिठ्ठीशिवाय किंवा शेजाऱ्याच्या पट्टीतून ती घेणे धोक्याचे आहे.

जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात हे उपचार मिळू शकतात. केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.