पुणे लिहिलं आणि संभाषण तुटलं

मी दिवाणखान्यात, भाची स्वयंपाकघरात. दोघांसमोर एकेक लॅपटॉप, घरचं एकच वाय-फाय आणि दोन्ही पडद्यांवर टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, काळी खिडकी. जुलैतला रविवार, कोथरूडमध्ये सकाळपासून पावसाची धार लागलेली. मी रोमन लिपीत पहिलं वाक्य टाइप केलं, 'पुण्यात पाऊस आहे'. एंटर दाबलं आणि आतून आवाज आला, "मामा, तुटलं! काहीतरी एरर आली."

परत जोडलं. आता तिची पाळी. तिने 'काय झालं' लिहिलं, माझ्याकडे काहीच आलं नाही. तिच्या पडद्यावर मात्र 'कीअपडेट' असा एक शब्द उमटला. 'कुठे', 'कधी', 'कोण', 'का', सगळे प्रश्न गडप. 'हो' आणि 'नाही' मात्र निमूटपणे पोचत होते.

याचा उलगडा पुढे करतो. आधी हा उद्योग कशासाठी चालला होता ते सांगायला हवं.

भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन संगणक एकमेकांशी गुप्त संभाषण सुरू करतात त्या हस्तांदोलनाची, म्हणजे टीएलएस हँडशेकची आकृती तिला तोंडपाठ आहे. टीएलएस म्हणजे हे संभाषण झाकण्याची नियमावली. परीक्षेत हमखास येते. पण ती म्हणाली, "मामा, बाण काढून काढून हात दुखले, पण हे घडतं कुठे ते कधी पाहिलंच नाही." तक्रार रास्त होती. ब्राउझरमधलं कुलपाचं चित्र बघून आत काय चाललंय ते कळत नाही. ते बघायचं तर स्वतःचा सर्व्हर चालवावा, आणि त्यासाठी डेटा सेंटर लागत नाही. एक आज्ञा पुरते.

ती आज्ञा ओपनएसएसएल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असते. लिनक्सवर ते बहुधा आधीपासून असतंच. त्याचा सुरुवातीचा कोड एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी ऑस्ट्रेलियात लिहिला, एसएसएलईएवाय या नावाने. १९९८च्या डिसेंबरपासून तो ओपनएसएसएल म्हणून पुढे वाढला. जगातले असंख्य सर्व्हर त्याच्यावर चालतात, म्हणूनच २०१४च्या एप्रिलमध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची चूक सापडली तेव्हा जगभर धावपळ उडाली. एका विनंतीसरशी सर्व्हरच्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेर पडत होता, आणि त्या तुकड्यात काय असेल याचा नेम नव्हता.

सुरुवात आम्ही कुलपाशिवाय केली. नेटकॅट नावाच्या छोट्या साधनाने दोन्ही लॅपटॉप जोडले आणि माझ्या लॅपटॉपवर वायरशार्क लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटांची झडती घेणारं हे सॉफ्टवेअर. भाचीने 'आजीला सांगू नकोस, मी भजी खाल्ली' लिहिलं आणि वायरशार्कमध्ये अक्षर न् अक्षर वाचता आलं. वाटेत बसलेल्या कुणालाही असंच वाचता आलं असतं. पूर्वी पोस्टकार्डावर घरातली भांडणं कुणी लिहीत नसे, ते याचसाठी.

मग कुलूप. त्यासाठी आधी किल्ली आणि ती कुणाची हे सांगणारं प्रमाणपत्र बनवावं लागतं. ओपनएसएसएलची 'रेक' ही उपआज्ञा दोन्ही एकदम करून देते. आम्ही आरएसए नावाच्या पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली मागितली. पडद्यावर टिंबं आणि अधिकची चिन्हं सरकू लागली. बहुतेक लोक त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत, पण तिथे खरं गणित चाललेलं असतं. संगणक ३०९ आकडी दोन मूळ संख्या शोधत असतो. तो यदृच्छेने एक प्रचंड विषम संख्या उचलतो, छोट्या मूळ संख्यांनी भाग जात नाही ना ते पाहतो, तेवढी चाळणी पार झाली की एक टिंब. मग संख्या मूळ आहे का ते तपासणाऱ्या मिलर-राबिन कसोटीची एक फेरी पार झाली की एक अधिक. एवढ्या मोठ्या विषम संख्यांमध्ये साधारण साडेतीनशेत एखादीच मूळ निघते. तरीही आमच्या लॅपटॉपने सेकंदभरात काम उरकलं.

यानंतर प्रश्नावली येते. देश कोणता? कंसात आधीच 'एयू', म्हणजे ऑस्ट्रेलिया, भरलेलं असतं आणि संस्थेच्या जागी 'इंटरनेट विजिट्स' नावाची एक काल्पनिक कंपनी. जन्मगावाच्या खुणा अशा अजून शिल्लक आहेत. भाचीने देश 'आयएन', राज्य महाराष्ट्र, शहर पुणे भरलं आणि संस्थेच्या रकान्यात 'आजीचं स्वयंपाकघर' लिहून मोकळी झाली. कुणीही हरकत घेतली नाही. एखाद्या बँकेचं नाव लिहिलं असतं तरी कुणी घेतली नसती. हे लक्षात ठेवा.

आता सर्व्हर. माझ्या लॅपटॉपवर 'एस-सर्व्हर' ही उपआज्ञा, सोबत किल्लीची आणि प्रमाणपत्राची फाइल. वेगळं काही सांगितलं नाही तर तो ४४३३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दाराशी, कान देऊन बसतो. सुरक्षित वेबसाइटींचं नेहमीचं पोर्ट ४४३. पण युनिक्सच्या परंपरेत १०२४च्या खालची पोर्टं वापरायला प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे चाचणीला ४४३३ सोयीचं. भाचीकडे 'एस-क्लायंट', सोबत माझ्या लॅपटॉपचा घरगुती पत्ता. इथे पुष्कळ जण १२७.०.०.१ लिहून बसतात आणि जोडणी का होत नाही म्हणून चरफडतात. तो पत्ता म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं घर. स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपने तो वापरला तर तो स्वतःचंच दार वाजवणार.

जोडणी झाली आणि तिच्या पडद्यावर माहितीचा पूर आला. त्यातल्या दोनच ओळी महत्त्वाच्या.

एका ओळीत 'एक्स-२५५१९' असं लिहिलं होतं. ही तात्पुरत्या किल्लीची पद्धत. दोघे अनोळखी उघड्यावर बोलतात, सगळं जग ऐकतं, आणि तरी शेवटी दोघांकडेच एक गुपित उरतं. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी ही युक्ती मांडली. छोट्या आकड्यांवर आम्ही ती कागदावर करून पाहिली. ३ आणि १७ हे आकडे सगळ्यांना माहीत. मी मनात ६ धरला: ३चा सहावा घात ७२९, त्याला १७ने भागलं की बाकी १५. भाचीने मनात ७ धरला: ३चा सातवा घात २१८७, बाकी ११. मी मोठ्याने 'पंधरा' ओरडलो, ती 'अकरा'. मग मी तिच्या ११चा सहावा घात काढून १७ने भागलं, बाकी ८. तिने माझ्या १५चा सातवा घात काढला, भागलं, बाकी ८. आजीने ३, १७, १५, ११ हे सगळे आकडे ऐकले होते, आठ कुणीच उच्चारला नव्हता. इतक्या लहान आकड्यांत आजी तो हुडकून काढेल. पण प्रत्यक्षात घातांऐवजी एका वक्रावरचे बिंदू असतात आणि आकडे ७७ अंकी, तिथे आजच्या कुठल्याही संगणकाची डाळ शिजत नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक उद्या झाला तर शिजेल, म्हणून ओपनएसएसएलच्या २०२५मधल्या ३.५ आवृत्तीपासून याच्या जोडीला एक नवी पद्धतही आलेली आहे.

गंमत अशी की हे गुपित ठरवण्यात आमच्या त्या आरएसए किल्लीचा वापर झालाच नाही. कुलूप तात्पुरत्या किल्लीनेच बनलं. मग आरएसए कशाला? फक्त सही करायला: 'हे पंधरा ओरडणारा मीच'. २०१८मध्ये आलेल्या टीएलएस १.३ने ही विभागणी सक्तीची केली. फायदा मोठा. उद्या माझी किल्ली चोरीला गेली तरी आजचं रेकॉर्ड करून ठेवलेलं संभाषण चोराला उघडता येणार नाही.

दुसरी महत्त्वाची ओळ: 'त्रुटी क्रमांक १८, स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र'. एस-क्लायंट हे तपासणीचं साधन असल्यामुळे तो एवढं नोंदवतो आणि पुढे जातो. ब्राउझर असा सोडून देत नाही, पानभर लाल इशारा दाखवतो. भाची म्हणाली, "म्हणजे कुलूप कच्चं आहे?" बहुतेकांचा हाच समज असतो. कुलूप अगदी पक्कं आहे, बँकेच्या साइटला असतं तितकंच. अडचण वेगळीच आहे. कुलपापलीकडे नक्की कोण आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

कॉलेजच्या प्रवेशासाठी ज्यांनी मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' शिक्का आणि हिरव्या शाईतली सही मिळवायला राजपत्रित अधिकारी शोधत फिरण्यात उन्हाळे घालवले, त्यांना हे चटकन कळेल. झेरॉक्स उत्तम निघालेली असते, पण खिडकीतल्या माणसाला ती सही हवी असते. आमच्या प्रमाणपत्रावर 'आजीचं स्वयंपाकघर' या संस्थेची सही आहे आणि ती 'आजीचं स्वयंपाकघर' हीच संस्था खरी आहे असं सांगते. खरा वेब सर्व्हर चालवणारा ही सही एखाद्या प्रमाणन संस्थेकडून आणतो. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात अशा विश्वासू सह्यांची यादी आधीच भरलेली असते.

त्या यादीत कोण असावं हा प्रश्न मात्र गणिताचा नाही, माणसांचा आहे. २०११मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी होऊन खोटी प्रमाणपत्रं निघाली आणि त्या धक्क्यात संस्थाच बुडाली. २०१४च्या जुलैमध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या प्रमाणन व्यवस्थेतून गुगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गुगलने उघड केलं. ती रद्द झाली, पण तोवर विंडोजच्या यादीत भारताच्या प्रमाणन नियंत्रकाची सही असल्यामुळे अनेक संगणक ती खरी मानू शकत होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, त्यामुळे त्याला धोका नव्हता. कुठल्याही गणिताला तडा गेला नव्हता. सह्यांचा कारभार ढिला पडला होता. माझ्या मते टीएलएस शिकवताना अर्धा वेळ यावर द्यायला हवा, पण आकृतीत तो बाण काढता येत नाही.

आता पुणे आणि पाऊस. एस-सर्व्हर चालू असताना ओळीचं पहिलं अक्षर तो आज्ञा म्हणून वाचतो. मोठा 'क्यू' म्हणजे गाशा गुंडाळ. मोठा 'पी' म्हणजे कुलूप बाजूला ठेवून उघडा मजकूर मुद्दाम पाठव, समोरचा संभाषण तोडतो की नाही ते तपासायला. मी पुण्याचा मोठा 'पी' लिहिला आणि समोरच्याने नियमाप्रमाणे तोडलं. एखाद्या नागपूरकराला हा त्रास झालाच नसता.

आणि 'के', लहान वा मोठा, म्हणजे किल्ली बदल. एकाच किल्लीने फार मजकूर झाकू नये असा नियम आहे. मजकूर झाकायच्या नेहमीच्या एईएस-जीसीएम पद्धतीत ही मर्यादा सुमारे २ कोटी ४० लाख पूर्ण आकाराच्या पाकिटांची. त्याआधी जुन्या किल्लीतून नवी तयार करायची, अशा एकेरी रस्त्याने की नवीवरून जुनी काढता येऊ नये. मराठीत प्रश्न म्हटला की तो 'क'ने सुरू होणार. भाचीच्या प्रत्येक 'का'ला किल्ली बदलत होती आणि प्रश्न गिळला जात होता. दोन्हीकडे 'क्वाएट' हा पर्याय लावल्यावर ही अक्षरं पुन्हा साधी अक्षरं झाली.

वायरशार्क अजून चालूच होतं. आता तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. प्रमाणपत्रसुद्धा नाही, कारण टीएलएस १.३मध्ये तेही झाकूनच जातं. पण भाचीची नजर तीक्ष्ण. ती म्हणाली, "मी हो लिहिलं की २० बाइट दिसतात आणि नाही लिहिलं की २२." बरोबर. 'हो'ची रोमन दोन अक्षरं, 'नाही'ची चार, ओळ संपल्याचं एक चिन्ह आणि वर १७ बाइट टीएलएसचे: मजकुराचा प्रकार सांगणारा एक आणि कुणी फेरफार केला नाही हे दाखवणारी मोहोर १६ बाइटांची. कुलूप मजकूर झाकतं, लांबी झाकत नाही. लग्नाच्या होकाराचा निरोप असा पाठवला तर पाकीट न फोडता उत्तर कळेल. टीएलएसच्या नियमांत भरताड घालून लांबी लपवायची सोय आहे, पण ती आपणहून लावावी लागते.

त्रुटी १८ उरली होती. भाची पेनड्राइव्ह घेऊन दिवाणखान्यात आली, माझ्या लॅपटॉपवरून प्रमाणपत्राची फाइल तिने उतरवून घेतली. "किल्लीची पण देऊ?" मी विचारलं. "वेडी आहे का मी?" म्हणत ती परत गेली. 'सीए-फाइल' या पर्यायापुढे तिने त्या फाइलचं नाव दिलं आणि पुन्हा जोडणी केली. या वेळी शेवटच्या ओळीत आलं: शून्य, ओके. कुठल्याही संस्थेची सही न लागता, कारण प्रमाणपत्र तिने स्वतःच्या हाताने माझ्याकडून नेलं होतं. मग स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न धडपणे पोचला: 'काय रे मामा, भजी अजून आहेत का?'

मी 'नाही' लिहिलं. २२ बाइट.